रस्त्यापलीकडे शिकायला

४ ऑगस्ट

चि. मिरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी आपण जे केलं ते आठवून मला इस्त्री करता करता अजून हसू फुटतं. मग गिऱ्हाईक विचारतं, काय झालं. मी सांगत नाही.

वसतिगृहाचं फाटक आपल्या लाँड्रीच्या दारातून दिसतं. रस्ता ओलांडला की पोचलो. पण तू ट्रंकेवर बसून राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, सगळ्या मुली प्रवास करून येतात. मी काय दूध आणायला निघाल्यासारखी कॉलेजला जाऊ?" खरं सांगायचं तर मला राग आला होता. मग देवापुढे हात जोडले, दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. तुझी ट्रंक, गादी आणि बादली कपड्यांच्या हातगाडीवर चढवली, आणि समोर जायचं सोडून आपण डावीकडे वळलो.

पोस्ट, न्हाव्याचं दुकान, पिठाची गिरणी, तळं, बसथांबा. सगळ्या गावाला फेरी घातली. चहावाल्याने हाक मारली, "काय लाँड्रीवाले, घर बदलताय की काय?" मी म्हटलं, "मुलगी शिकायला निघालीय." "कुठं?" "कॉलेजला." त्याने कॉलेजकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं, आपली गाडी उलट्या दिशेने चालली होती तेही पाहिलं. पण शहाणा माणूस. म्हणाला, "मग चहा घेऊन जा, लांबचा पल्ला आहे."

बसथांब्यावर त्याच वेळी बस आली. तिच्यातून मुली उतरल्या, त्यांचे आईवडील उतरले, आणि आपण त्यांच्या रांगेत मिसळून गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तुला रांगती असताना पाहिलंय. तरी तो पठ्ठ्या ओळख न दाखवता म्हणाला, "प्रवास कसा झाला?" मी म्हटलं, "जरा दमलो." ते मात्र खोटं नव्हतं.

परत येताना मी सरळ रस्ता ओलांडून आलो. तुझी आई दारातच होती. डोळे पुसत विचारते, "पोचली का सुखरूप?" मी म्हटलं, "पोचली. आता वर बघितलंस तर खिडकी उघडताना दिसेल." तर तिने बघायचं नाही म्हणून पाठ फिरवली आणि पाठ फिरवूनच बघितलं.

तुझ्या सगळ्या अटी आम्ही पाळू. कुंपणावरून हाक नाही, डबा नाही, भेट रविवारी इतर पालकांसारखी, चार ते सहा. आणि पत्र पोस्टानेच. पोस्टमनला ही गोष्ट पटलेली नाही. आपल्या दारातल्या पेटीतून पत्र काढायचं, संध्याकाळच्या बसने शहरात पाठवायचं, तिथे शिक्का, मग परत गावात, मग रस्त्यापलीकडे. तो म्हणाला, "तुम्हा बापलेकींनी माझी नोकरी पक्की केली."

मी गावातल्या शाळेत शिकलो, शाळा संपली आणि इस्त्री हातात घेतली. कॉलेज मला कपड्यांवरूनच माहीत. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बाह्यांना शाई असते, दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतल्या द्रावणाची भोकं असतात, आणि तिसऱ्या वर्षी कॉलर एकाएकी स्वच्छ होते, म्हणजे मुलाखती सुरू झाल्या. आता तू आत काय चालतं ते सांग.

तुझी खोली जशीच्या तशी आहे. गावात एकही घर भाडेकरूशिवाय नाही, आपलीच माडी रिकामी का ठेवायची, असं आई म्हणते. मी म्हटलं, बघू. कुणाला वसतिगृह मानवतं, कुणाला नाही. नाही मानवलं तर खोली आहे, एवढंच.

तुझे बाबा

१० ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार.

पत्र काल मिळालं. पोस्टमनकाकांनी मला खाली बोलावून, सगळ्यांसमोर, "लांबून पत्र आलंय" असं म्हणून दिलं. सगळ्या मुली जळल्या. कारण अजून कुणालाच घरून पत्र आलेलं नाही.

खोलीत आम्ही चौघी. एक उंच आहे, तिचे पाय खाटेबाहेर येतात, तिला आम्ही जिराफ म्हणतो. एक झोपेतसुद्धा बोलते, ती रेडिओ. तिसरी रोज पहाटे स्वतः उठते आणि मग आम्हाला उठवते, तिच्याशी आम्ही बोलत नाही. पहिल्या संध्याकाळी रेक्टरबाईंनी सगळ्यांना गोल बसवून विचारलं, कोण कुठून आलं. कुणी डोंगरातून, कुणी समुद्राकाठून, एक तर दोन दिवस प्रवास करून आली होती. माझी पाळी आली. मी खूप विचार केला आणि म्हटलं, "समोरून." सगळ्या इतक्या हसल्या की रेक्टरबाईंचा चष्मा पडला. तेव्हापासून माझं नाव समोरून. "ए समोरून, बादली दे." "समोरूनला विचारा, तिला येतं." बाबा, गावात मला आजवर सगळे लाँड्रीवाल्यांची मुलगी म्हणत आले. त्यात वाईट काही नाही. पण हे पहिलं नाव मी स्वतः मिळवलं.

तुम्हाला वाटेल, हट्टीपणा केला. पण बघा ना, आपल्या गावात सगळे कुठून तरी आलेले असतात. ते रडतात, पत्रांची वाट बघतात, मग हळूहळू धीट होतात. मी लहानपणापासून खिडकीतून ते बघत आले. मला वाटायचं, आपण कधी कुठून निघणारच नाही, मग पोचणार कसे?

जेवणातली डाळ पातळ आहे. तिच्यात चेहरा दिसतो. आईला सांगू नका, ती पातेलं घेऊन येईल.

आणि दोन तक्रारी. एक, वसतिगृहाच्या धुण्यातून आलेल्या माझ्या शर्टाचं बटण तुम्ही लावून पाठवलंत. इतर मुलींची बटणं तुम्ही लावता का? मग माझंही नको. दोन, कुंपणाजवळच्या झाडाला तुम्ही दिवसातून किती वेळा पाणी घालता? ते झाड कुजेल.

खोलीचं लिहिलंत. मला इथे मानवतंय, बाबा.

तुमची,
मिरी

१७ ऑगस्ट

चि. मिरी,
अनेक आशीर्वाद.

झाडाला पाणी घालणं बंद केलं. आता तुझी आई दुकानावरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते आणि कपडे वाळेपर्यंत तिथेच थांबते. त्याबद्दल तुझ्या अटींत काही नव्हतं.

गेल्या रविवारी भेटीला आलो तेव्हा तू नीट बोलली नाहीस, कारण आईने सगळ्या पालकांना सांगून टाकलं की आम्हीपण दूरचेच समजा. त्या समुद्राकाठच्या बाईंनी आईला विचारलं, "तुम्हाला परतीची बस केव्हा आहे?" आई म्हणाली, "आम्हाला केव्हाही मिळते." घरी येऊन ती एवढी हसली की मला पाणी द्यावं लागलं.

आता एक गंभीर गोष्ट. तुला रागवायचं नाही, पण विचारतो. एवढे कपडे तू कधी घेतलेस? तुझी खूण मीच घातलेली, कॉलरच्या आत हिरव्या दोऱ्याची फुली. गेल्या खेपेला वसतिगृहाच्या बोचक्यात हिरव्या फुलीचे चार कपडे होते. या खेपेला मोजायचं सोडून दिलं. शर्ट, अभ्रे, पायजमे, आणि एक स्वेटर ज्यात तू दोनदा मावशील. मी सगळे धुऊन, इस्त्री करून, तुटलेली बटणं लावून (आधीच लावून झाली होती, मग तुझं पत्र आलं) तुझ्याच नावाने पाठवले. पण मनाला चैन नाही. दुसऱ्यांचे कपडे मागून घालू नयेत. आणि विकत घेतले असशील तर एवढ्या मोठ्या मापाचे का?

गावात बाकी ठीक. सहामाही परीक्षेचं वेळापत्रक लागल्यामुळे न्हाव्याने दुकानातला आवाज कमी केला आहे, म्हणजे स्वतः कमी बोलतो. किराणावाल्याच्या नातवाला कुणी वय विचारलं तर त्याने सांगितलं, "पहिलं वर्ष, दुसरं सत्र." सात वर्षांचा आहे.

खोलीच्या बाबतीत माझी फजिती झाली. कॉलेज उघडलं त्या आठवड्यात एकदोघी मुली खोली आहे का म्हणून विचारायला आल्या होत्या. मी सांगून टाकलं की छत गळतं. हे गवंड्याच्या कानावर गेलं. मला न सांगता शिडी लावून तो कौलांवर चढला, सगळं छत तपासलं आणि खाली उतरून म्हणाला, "लाँड्रीवाले, तुमच्या छतातून उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही." तुझी आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. संसारात हे फार वाईट.

एक नवीन गिऱ्हाईक आलंय. कॉलेजचीच मुलगी, तुझ्याच वर्षाची असावी. तिच्या कपड्यांच्या शिवणींत पीठ असतं. झटकलं की पांढरा ढग उठतो. मला वाटलं, बेकरीत काम करत असेल. कपडे देते, मान खाली घालून जाते.

तुझे बाबा

२४ ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. रेडिओ खाटेवरून खाली पडली.

ते कपडे माझे नाहीत! झालं असं की माझ्या शर्टाचं बटण तुम्ही लावलंत ते जिराफने पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की माझी इस्त्रीही वेगळी असते. कॉलर कशी उभी, बाह्यांची घडी कशी सुरीसारखी. ती म्हणाली, "समोरून, तुझ्या फुलीत जादू आहे." तिने तुम्ही तिच्या कपड्यांना खूण म्हणून घातलेला निळा टाका उसवला आणि स्वतःच्या सगळ्या कपड्यांना हिरवी फुली घातली. मग रेडिओने घातली. मग शेजारच्या खोलीने. सगळ्यांनी मिळून हिरव्या दोऱ्याचं रीळ आणलं होतं, मला पत्ताच नाही. स्वेटर जिराफचा.

आणि तुम्ही ते सगळं माझ्या नावाने पाठवलंत! मी वर्गातून आले तर माझी खाट दिसेना. नुसता ढीग. रेक्टरबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "वसतिगृहात दुकान चालवायला परवानगी नाही." मग अर्धी रात्र मुली येऊन आपापला पायजमा ओळखत होत्या. दोघी एका अभ्र्यावरून भांडल्या, आणि तो माझा निघाला.

आता तुम्हीच ठरवा. एक तर सगळ्यांना माझ्यासारखी इस्त्री, नाही तर मला सगळ्यांसारखी. मुलींचं मत पहिल्या बाजूने आहे.

आणखी सांगायचं म्हणजे डाळीचा प्रश्न पेटलाय. मुलींनी मला भोजन समितीवर निवडून दिलं! मी कुणाकडे मागितलं नव्हतं. रेडिओ म्हणाली, "समोरून भांडत नाही, पण समोरच्याला लाज वाटेल असं बोलते." हा गुण कुणाकडून आला असेल ते मला माहीत आहे. काल रेक्टरबाईंसमोर बोलले. आजची डाळ जरा घट्ट होती. चेहरा दिसला नाही.

ती पिठाची मुलगी आमच्याच वर्गात आहे. शेवटच्या बाकावर बसते, सारखी शिंकते. तास संपला की कुणाशी न बोलता निघून जाते. एकदा मी विचारलं, "कुठे राहतेस?" तर म्हणाली, "इथेच." आणि गेली. आम्हाला वाटतं, भारी शिष्ट आहे. तुम्हाला काही कळलं का?

तुमची,
मिरी

२ सप्टेंबर

चि. मिरी,
अनेक आशीर्वाद.

मुलींना सांग, सगळ्यांना तुझ्यासारखी इस्त्री मिळेल, पण खुणा परत आपापल्या घाला. कोळसा जास्त लागेल, लागू दे. मी एकाच मुलीच्या बाह्यांची घडी सुरीसारखी घालत होतो हे मला स्वतःलाही कळलं नव्हतं. हात आपले चालत होते.

डाळीचं ऐकून आई खूश झाली आणि लगेच म्हणाली, "घरी कधी डाळीबद्दल बोलली नाही." मी म्हटलं, घरची घट्ट असते. त्यावर ती पातेलं घासायला वळली, म्हणजे मान्य केलं.

तू विचारलंस म्हणून त्या मुलीबद्दल सांगतो. ती शिष्ट नाही. गिरणीच्या माडीवर राहते. खाली दिवसभर जातं फिरतं, वर जमीन थरथरते, पुस्तकांवर पीठ बसतं. अभ्यासाला बसताना ती कानात कापूस घालते. गिरणीवाला भला माणूस आहे, पण गिरणी बंद ठेवली तर त्याने खायचं काय? परीक्षेच्या तासांपुरती तो गावाच्या रिवाजाप्रमाणे बंद ठेवतो, तेवढंच. सारखी शिंकते ती त्यामुळेच. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव जागा संपली तिथून पहिलं होतं. शेवटची खाट गेली आणि ती राहिली.

एवढंच. तू मनाला लावून घेऊ नकोस.

हवा चांगली आहे. कपडे लवकर वाळतात. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी सैल झाली होती, ती घट्ट करून घेतली.

तुझे बाबा

९ सप्टेंबर

ती. बाबांना नमस्कार.

"मनाला लावून घेऊ नकोस" असं तुम्ही लिहिता तेव्हा ते लावून घ्यायचंच असतं, हे मी लहानपणापासून ओळखते.

मी रेक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं, यादी गुणांप्रमाणे लागली, शेवटची खाट माझी होती, आणि माझ्यानंतर ती. नियमात काही चूक नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, नियमात नसेल. पण माझं घर खिडकीतून दिसतं आणि तिचं दोन दिवसांवर आहे. हो बाबा, दोन दिवस प्रवास करून आलेली ती मुलगी तीच होती! पहिल्या संध्याकाळी ती आमच्याबरोबर गोलात बसली होती. तिला वाटत होतं, एखादी मुलगी आली नाही तर खाट मिळेल. मी "समोरून" म्हटलं तेव्हा सगळ्या हसल्या. ती हसली का, ते मला आठवत नाही.

काल तास संपल्यावर मी तिच्या मागे पळत गेले. म्हटलं, "तू मला काही बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुला काय बोलायचं? तुझे गुण जास्त होते." तिने हे इतकं साधेपणाने म्हटलं की मला तिथेच रडू आलं. मग तीच मला रुमाल देऊ लागली. रुमालातही पीठ. दोघी शिंकत बसलो.

मी ठरवलंय. येत्या रविवारी खाट सोडते आणि घरी येते. रेक्टरबाईंना अजून सांगितलेलं नाही, शनिवारी सांगेन. समितीवर जिराफला घेतील, ती उंच आहे, आचारी घाबरेल. मुली अधूनमधून घरी येतीलच. रस्ताच तर ओलांडायचा.

खोली जशीच्या तशी ठेवलीत ते बरं झालं. आईला बरं वाटेल. तुम्हालाही.

हे पत्र लिहिताना मी अजिबात रडत नाहीये.

तुमची,
मिरी

१२ सप्टेंबर

चि. मिरी,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने धाडलं तर सोमवारनंतर मिळेल, आणि तू रविवारी ट्रंक घेऊन निघशील. म्हणून कपड्यांच्या गठ्ठ्यात, तुझ्या घडी केलेल्या शर्टात ठेवतो. पोस्टमनला कळवलं. त्याला वाईट वाटलं, पण परवानगी दिली.

तुझं पत्र काल आलं. मी दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि आईला हाक मारली. तिने ते दोनदा वाचून घेतलं आणि तशीच माडीवर गेली. वरून गादी झटकल्याचा आवाज यायला लागला. मी इस्त्री पेटवली. इतका आनंद झाला होता की एकच चादर किती वेळा फिरवली कुणास ठाऊक. शेवटी वास आला तेव्हा भानावर आलो. कुणाची चादर आहे ते बघितलं नाही, नवी द्यावी लागेल.

आज पहाटे देवापुढे उभा राहिलो. मी कधी काही मागत नाही, तुला माहीत आहे. आज नुसते आभार मानायचे होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि मनात आपलं एकच वाक्य फिरायला लागलं: "शेवटची खाट गेली आणि ती राहिली." हे मी तुला लिहिलं होतं. तू विचारलं होतंस ती मुलगी शिष्ट आहे का, एवढंच. मी यादीपर्यंत गेलो. ती ओळ लिहून थांबलो होतो, खोडावी असं वाटलं होतं, आणि खोडली नाही. ती वाचून तू काय करशील हे तुझ्या बापाला कळत नव्हतं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्या मुलीची दया मला आली होती हे खरं. पण त्या दयेच्या पाठीमागे बसून मी तुला घरी बोलावत होतो. चांगली गोष्ट आणि आपल्याला हवी ती गोष्ट एकाच दारातून यायला लागली की मला भीती वाटते. आपण दार कुणासाठी उघडलं ते कळत नाही.

आणि खोली तर रिकामीच होती, मिरी. दीड महिना. गिरणी आणि आपलं घर यांच्यात एक गल्ली. तुझ्या खाटेकडे बघायची कुणाला गरजच नव्हती.

इस्त्री न पेटवता मी आईला म्हटलं, "ऐक जरा." ती माडीवर खिडकी पुसत होती. सगळं सांगितलं. ती फडकं हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते खोली देऊ या." मी म्हटलं, "म्हणत होतीस." ती म्हणाली, "तेव्हा जड गेलं नसतं. आता गादी झटकून बसले." डोळे पुसले आणि मला म्हणाली, "जा आता, उभे काय राहिलात? ती वर्गाला निघून जाईल."

गिरणीवर दळणाची रांग लागली होती. ती मुलगी पुस्तकं घेऊन जिना उतरत होती. जात्याच्या आवाजात मी म्हटलं, तिला ऐकू जाईना. मोठ्याने म्हटलं, तरी नाही. तिने कानातला कापूस काढला. मग मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "माझ्या घरी राहायला येतेस का?" आणि नेमकी त्याच वेळी गिरणीवाल्याने गिरणी बंद केली.

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. न्हावी दळण घेऊन उभा होता, म्हणजे दुपारपर्यंत गावभर झालं. मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे आमच्या माडीवर. आमच्या मुलीची खोली. तिची आई आहे घरात." ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी मनापासून, काळजीने विचारते, "छत दुरुस्त झालं का, काका?"

मिरी, कॉलेज उघडलं त्या आठवड्यात आपल्या दारात आलेल्या मुलींपैकी एक तीच होती. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

मी म्हटलं, "झालं. आज सकाळीच." रांगेत गवंडी होता. तो म्हणाला, "कुणी केलं?" पण तो हसला नाही, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. गावातले लोक तसे चांगले आहेत.

मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तू खाट सोडायला तयार आहेस हेही सांगितलं, लपवलं नाही. म्हटलं, तुला हवं ते निवड, आम्हाला दोन्ही चालतं. ती विचार करत घरापर्यंत आली. खोली पाहिली. मग आईला विचारलं, "माझी आई महिन्यातून एकदा येते. गिरणीच्या माडीवर दोघींना जागा नाही, म्हणून ती बसथांब्यावरच्या बाकावर बसून रात्र काढते; वसतिगृहातही पालकांना राहू देत नाहीत. ती इथे माझ्याजवळ झोपली तर चालेल?" तुझी आई म्हणाली, "नाही चाललं तर मी बाकावर जाऊन झोपेन." त्यावर ती मुलगी पहिल्यांदा हसली. तुला आठवत नव्हतं ना, ती हसते की नाही? चांगली हसते. मग तिने आपली अट घातली: वसतिगृहात पडलं असतं तेवढं भाडं घ्यायचं, कमी नाही. आई म्हणाली, कपड्यांना मात्र सवलत मिळेल. पिठाचं काम आता कमी होणार, म्हणून.

दुपारी मी रेक्टरबाईंना भेटून आलो. फाटकावर पहारेकरी म्हणाला, "आज रविवार नाही." मी म्हटलं, "पालक म्हणून नाही, लाँड्रीवाला म्हणून आलोय." आत सोडलं. बाईंना सगळी हकिकत कळवली. त्या म्हणाल्या, तुझी खाट तुझ्याकडेच राहील आणि त्या मुलीची काळजी मिटली हे उत्तम. आणखी म्हणाल्या की भोजन समितीत तुझ्याशी बोलताना त्यांना हल्ली तयारी करून यावं लागतं. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. जेवताना सांगेन.

तू घरी आली असतीस तर मी फार सुखी झालो असतो. पण तू अपराधी वाटून आली असतीस, आणि मी ते ओळखूनही रोज सकाळी तुला चहा दिला असता. ते मला नको. तुला निघायचं होतं, तू निघालीस, आणि समोरून का होईना, तू पोचली आहेस. आता माझ्यासाठी माघारी फिरू नकोस.

रविवारी ये, पण भेटायला. तिची नि तुझी नीट ओळख होईल. आल्यावर तिच्या खोलीचं दार वाजवून आत जा. आता वर ती काहीतरी मोठ्याने पाठ करते आहे, आणि आई खालून तिला सांगते आहे की जरा हळू म्हण, पण थांबू नकोस.

खोली दिली, मिरी. किल्ली आज सकाळी तिच्या हातात ठेवली.

तुझे बाबा